तीन अक्षरांची जागा

"ती गोळी जेवून घ्यायची का उपाशीपोटी?"

फोनवरच्या बाईने हे दोनदा विचारलं. पहिल्यांदा मला वाटलं, फोन चुकून इकडे लागला असेल. त्या सोनोग्राफी सेंटरमध्ये मी नोकरीला नव्हतो. प्रिंटरच्या मागे वाकून केबल बसवत होतो. रिसेप्शनवरच्या मंदाताई ढेंबरे पेशंटचं नाव पुकारायला बाहेरच्या बाकांपर्यंत गेल्या होत्या, म्हणून फोन मी उचलला.

"कुठली गोळी?"

"शनिवारी तुमच्याकडं सोनोग्राफी केली नव्हं का, ढोणेवाडीची, नागटिळकांची रेश्मा. मी तिची जाऊ बोलतीय. ठोके न्हाईत म्हणून आलंय तुमच्या कागदावर. मेडिकलवाल्यानं गोळ्या दिल्यात, पिशवी साफ व्हायच्या. पहिली आज घ्यायची हाय. जेवून का उपाशीपोटी, तेवढं सांगायचं इसरला बघा तो."

"थांबा. डॉक्टरांना विचारतो. फोन ठेवू नका."

"आमच्या आत्या रानातनं आल्या की जेवायलाच बसणार हाय ती. जेवूनच घेते म्हणावं का मग?"

"ताई, फोन ठेवू नका."

रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवून मी आतल्या दाराशी गेलो, दार वाजवलं, डॉक्टरांना दोन वाक्यांत सांगितलं. परत येऊन रिसीव्हर कानाला लावला तेव्हा फोन बंद झाला होता. साधी लँडलाइन होती ती. कुठल्या नंबरवरून फोन आला हे दिसायची सोय तिच्यावर नव्हती.

घड्याळात अकरा वीस झाले होते.

ह्याला नऊ वर्षं झाली. मी तेव्हा सोलापूरच्या एका छोट्या कंपनीत होतो. आमची कंपनी बायकांच्या दवाखान्यांसाठी सोनोग्राफीचे रिपोर्ट तयार करणारं सॉफ्टवेअर विकायची. मशिनवर घेतलेली मापं आपोआप कॉम्प्युटरवर यायची आणि डॉक्टरांनी चार रकाने भरले की इंग्रजी रिपोर्ट तयार व्हायचा. त्याच्यासोबत अर्ध्या पानाची एक मराठी चिठ्ठी निघायची, पेशंटला घरी वाचता यावी म्हणून. ती चिठ्ठी हेच आमच्या मालाचं वैशिष्ट्य होतं. तिच्यातली एकशे चाळीस वाक्यं मी लिहिली होती. त्याआधी नऊ वर्षं मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो.

बार्शीच्या डॉ. नलिनी कथले आमच्या पहिल्या ग्राहकांपैकी. बोलणं मोजकं, आवाज कधी चढायचा नाही. त्या हातमोजे काढत बाहेर आल्या आणि मंदाताईंच्या खुर्चीत बसल्या.

"मी कुणालाही गोळ्या दिलेल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "रेकॉर्ड काढा."

मी काढलं. रेश्मा नागटिळक, वय सव्वीस. लग्नाला पाच वर्षं, गर्भ राहण्यासाठी तीन वर्षं उपचार. पाळी अनियमित, त्यामुळे दिवस नेमके किती गेले ते सांगता येत नाही. गर्भाची लांबी तीन मिलिमीटर. पुन्हा सोनोग्राफी दहा दिवसांनी.

"तीन मिलिमीटरला ठोके दिसतीलच असं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "एखाद्याचे दिसतात, एखाद्याचे आठवड्याने. म्हणून तर बोलावतो परत. मी तिला तोंडाने सांगितलंय हे. चिठ्ठी दाखवा."

चिठ्ठी पडद्यावर आली. मोठ्या ठसठशीत अक्षरांत दोन ओळी होत्या.

गर्भाचे ठोके दिसले नाहीत.
१० दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करावी.

डॉक्टरांनी ती वाचली. मग पडद्यावर बोट ठेवलं.

"इथे 'अजून' होतं. अजून दिसले नाहीत. सगळी वाक्यं मी स्वतः तपासून दिली होती तुम्हाला."

"होतं," मी म्हणालो.

"मग गेलं कुठे?"

"बघावं लागेल."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि विषय सोडला. विषय सोडण्याचं कारण घड्याळ होतं, मी नव्हे.

सोनोग्राफी करणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म भरावाच लागतो, कायदाच आहे तसा. त्यावर पत्ता आणि फोन असतो. रेश्माच्या फॉर्मवर नवऱ्याचा नंबर होता. चार वेळा लावला, चारही वेळा बंद. मंदाताईंना आठवलं, नवरा चाकणला कंपनीत आहे. आत जाताना गेटवर मोबाइल जमा करून घेतात आणि शिफ्ट सुटल्यावर देतात. गावची आशाताई कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. उपकेंद्राचा फोन नुसता वाजत राहिला.

"ही ओळ आणखी किती जणींना गेली?" डॉक्टरांनी विचारलं.

मी शोधलं. "आणखी दोघींना."

"त्यांना मी फोन करते. तुम्ही ढोणेवाडीला जा. बावीस किलोमीटर आहे. मंदाताई, तुम्ही ह्यांच्या गाडीवर बसा. अनोळखी बाप्याला घरात कुणी उभं करणार नाही."

"मॅडम, इथं कोण बघंल?"

"मी बघते. आणि दोघंही ऐका. ठोके आहेत असं सांगायचं नाही. नाहीत असंही सांगायचं नाही. गोळी घेऊ नको आणि मंगळवारी ये, एवढंच. पहिली गोळी एकदा पोटात गेली की माझ्या हातात फार काही राहत नाही."

अकरा पस्तीसला आम्ही निघालो.

फेब्रुवारीचं ऊन होतं. दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी चालली होती. मंदाताई मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या आणि सारखा तोच नंबर लावत होत्या. गाव जवळ आलं. मग एकदम म्हणाल्या, "सर, हे माझ्यावर येणार."

"तुमच्यावर कसं?"

"चिठ्ठी हातात देताना समजावून सांगायची, हे माझं काम हाय. शनिवारी त्रेचाळीस पेशंट होते. मी नुसती चिठ्ठी दिली आन् पुढचं नाव पुकारलं. मॅडम बोलत न्हाईत, पण मनात ठेवतात. बारा वर्षं झाली मला तिथं."

मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत होतो.

"तुम्ही काय ते कॉम्प्युटरात बघून सांगाल ना मॅडमना? काय बिघाड झाला त्यो?"

"सांगतो," मी म्हणालो.

ढोणेवाडीत शिरायला बारा दहा झाले. नागटिळकांची सात घरं निघाली. चौथ्या घरी एका म्हाताऱ्याने हात करून वाट दाखवली. पत्र्याचं छप्पर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, दारात कडब्याच्या पेंढ्या. उंबऱ्यात तिशीतली एक बाई तांब्या घेऊन उभी होती. मंदाताईंनी गाडीवरूनच विचारलं, "रेश्माचं घर हेच का? सकाळी फोन तुम्हीच केलता का?"

"व्हय. मीच सुनंदा. तुमचा फोनच कट झाला. लई वाट बघितली मी."

"गोळी घेतली का तिनं?"

"जेवतीय."

आम्ही आत गेलो. चुलीजवळ पाटावर एक मुलगी बसली होती. सव्वीसपेक्षा लहान वाटत होती. ताटात अर्धी भाकरी आणि पिठलं होतं. ताटाशेजारी आमची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर औषधाचं पाकीट. पाकीट फोडलेलं होतं. एक गोळी बाहेर काढून चिठ्ठीच्या कोपऱ्यावर ठेवली होती. समोर गुडघ्यावर हात ठेवून सासू बसली होती, डोक्यावरच्या पदरात अजून ज्वारीची कुसळं.

"कोण हाय गं?" सासूने विचारलं.

"सोनोग्राफीवाल्या बाई आत्या, बार्शीच्या," सुनंदा म्हणाली.

मंदाताई रेश्माच्या शेजारी खालीच बसल्या. "रेश्मा, ती गोळी घिऊ नको. मॅडमनी पाठवलंय आम्हाला."

"का?"

"मंगळवारी परत सोनोग्राफी करू. मग ठरवू काय ते."

"सोनोग्राफी झाली की माझी," रेश्मा म्हणाली. "आलंय की त्यात."

"त्यात जरा चुकलंय."

सासूने मान वर केली. "काय चुकलंय? नाव चुकलं का माणूस चुकलं?"

"तसं न्हाई मावशी. ते कॉम्प्युटरचं असतंय..."

"कॉम्प्युटर चुकला आन् तुम्ही गाडी घिऊन पळत आला व्हय. मेडिकलवाला म्हणला, मेलेलं पोटात ठिवलं तर अंगभर ईख पसरतंय. शनवारपासनं चार दिस झाले. पोरगी गेली तर कॉम्प्युटर देणार हाय का दुसरी?"

"मेलंय असं कुणी म्हणलं?"

"तुमच्या कागदानं म्हणलं," सासू म्हणाली. "मला वाचता येत न्हाई. हिला येतं. हिनं वाचलं, मेडिकलवाल्यानं वाचलं, गुरुजींच्या पोरानं वाचलं. तिघांनी येकच वाचलं."

मी दाराशी उभा होतो. रेश्माने चिठ्ठीवरची गोळी उचलून डाव्या तळहातावर घेतली आणि चिठ्ठी मंदाताईंच्या पुढे धरली.

"हे बघा. ठोके दिसले नाहीत. दहा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी. मेडिकलवाला म्हणला, ती दहा दिवसांची सोनोग्राफी पिशवी साफ झाली का बघायची असते. मग आधी साफ नको का व्हायला?"

मी ते वाक्य तिच्या बाजूने वाचलं. तिचं बरोबर होतं. त्या दोन ओळींचा दुसरा अर्थ लागतच नव्हता.

"डॉक्टर बोलल्या होत्या ना तुला शनिवारी?" मंदाताई म्हणाल्या. "लवकर हाय म्हणून?"

"बोलल्या. काळजी करू नको म्हणल्या. पण ते टेबलावर झोपल्यावर. घरी येऊन कागद वाचला तर कागदात हे. बोललेलं एक आन् लिहिलेलं एक. माणूस लिहिलेलंच खरं धरणार ना?" ती थांबली. "मला वाटलं, तोंडावर सांगवलं नसंल त्यांना."

"रेश्मा, आमच्यावर इश्वास ठेव."

"का ठेवू?"

सासू उठली, माठातून पाणी काढून पेला रेश्माच्या ताटाशी ठेवला. "भाकरी संपव. आन् मोकळी हो. ह्यांचं काय, परत सोनोग्राफी, परत दोन चकरा."

रेश्माने उरलेली भाकरी मोडली नाही. ताट थोडं बाजूला सरकवलं आणि पेला जवळ घेतला. गोळी डाव्या हातातच होती.

"मी केलंय ते," मी म्हणालो.

चौघींनीही माझ्याकडे पाहिलं.

"हा कोण?" सासूने विचारलं.

"ही चिठ्ठी मी लिहितो. म्हणजे हिच्यातली वाक्यं माझी आहेत. कॉम्प्युटर चुकलेला नाही. ह्या वाक्यात एक शब्द होता, तो मी काढला."

"कुठला शब्द?" रेश्माने विचारलं.

"अजून. गर्भाचे ठोके अजून दिसले नाहीत, असं वाक्य होतं."

तिने चिठ्ठीकडे पाहिलं. ओठ हलले, तिने तो शब्द त्या जागी घालून वाचला असावा. मग पुन्हा, तो न घालता.

"कशाला काढला?"

"ओळीत बसत नव्हता."

मी पुढे सांगत गेलो, कारण आता थांबण्यात अर्थ नव्हता. अक्षर मोठं ठेवलंय, कमी दिसणाऱ्या माणसालाही वाचता यावं म्हणून. त्या अक्षरात हे वाक्य एका ओळीत मावत नव्हतं. शेवटचा शब्द दुसऱ्या ओळीवर जायचा, सगळा मजकूर एक ओळ खाली सरकायचा आणि डॉक्टरांची सही दुसऱ्या पानावर जायची. अशा प्रत्येक चिठ्ठीला दोन पानं लागायची. सेंटरवरून तक्रार आली. मी सोलापुरात बसून वाक्य उघडलं. चार-पाच शब्दांचं वाक्य, त्यातला कुठला काढला तर वाक्य मोडत नाही ते बघितलं. पेपरात असताना मी रोज रात्री असे शब्द काढायचो, मथळ्यांतून. हात बसला होता. अर्ध्या मिनिटाचंही काम नव्हतं. डॉक्टरांना विचारलं नाही.

"किती अक्षरं?" रेश्माने विचारलं.

"तीन."

"मग बाकीचं अक्षर बारीक करायचं की हो," ती म्हणाली.

ती रागावून बोलली नाही. शिवताना कापड पुरत नसेल तर काय करायचं हे एखादीने सांगावं तसं बोलली. मंदाताई माझ्याकडे बघत होत्या, पण मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मग हायत का ठोके?" रेश्माने विचारलं.

"माहीत नाही."

"डॉक्टरांना माहीत हाय?"

"त्यांनाही नाही. शनिवारी ते इतकं लहान होतं की कळत नव्हतं. मंगळवारी कळेल. कदाचित असतील. कदाचित खरंच नसतील. तसं झालं तर डॉक्टर स्वतः सगळं नीट करतील, ही गोळी लागणार नाही. आणि तोवर विष वगैरे काही पसरत नाही. पोटात दुखलं किंवा अंगावरून गेलं तर त्याच दिवशी या, रात्री असलं तरी."

"सहा दिवस," ती म्हणाली.

"हो."

"सहा दिवस मी काय करू?"

ह्याचं उत्तर मंदाताईंनी दिलं. "काय करायचंय? जेवायचं. कामाला जायचं न्हाई, ज्वारी उपटायला तर अजिबात न्हाई. रोज संध्याकाळी मला फोन करायचा. हा माझा नंबर." आणि त्यांनी तो आमच्याच चिठ्ठीच्या मागे लिहून दिला.

सासूने विचारलं, "आन् नसले तर? परत रडायचं व्हय हिनं? येकदा रडून झालंय तिचं. शनवारी रात्री बघायला पायजे हुता तुम्ही."

"मावशी, माझी चूक आहे," मी म्हणालो.

"चूक तुमची हाय ते कळलं. मी इचारती, रडायचं कुणी."

रेश्माने गोळी परत पाकिटात घातली, पाकीट दुमडलं. मंदाताईंनी हात पुढे केला. तिने दिलं नाही.

"माझ्यापाशी राहू दे," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"राहू दे. कागदावर पण तुमचंच ऐकलं होतं. आता हे पण तुमचंच ऐकतेय." तिने पाकीट ब्लाउजमध्ये खोचलं, ताट पुन्हा पुढे ओढलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. "मंगळवारी येते. तुम्ही जावा आता."

परतताना गाडी गावाबाहेर आल्यावर मंदाताई म्हणाल्या, "सकाळीच बोलला असता तर?"

"हो."

"दोनपाच शब्दच होते. ते पण बसले न्हाईत का ओळीत?"



बार्शीत डॉक्टरांनी सगळं उभ्यानेच ऐकलं. बाकीच्या दोघींचे फोन लागले होते. एकीचे ठोके दुसऱ्या सोनोग्राफीत दिसूनही गेले होते, दुसरी गुरुवारी येणार होती. "हे मला साडेअकराला सांगायला हवं होतंत," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, बघावं लागेल. तुम्ही बघितलेलंच होतं." मी मान हलवली. त्यांनी मला तिथेच बसवून सगळी एकशे चाळीस वाक्यं पुन्हा छापून घेतली आणि पेन घेऊन एकेक वाचायला बसल्या. आणखी दोन ठिकाणी मी शब्द काढले होते. एका जागी 'बहुधा' आणि एका जागी 'सध्या'. कंपनीत मी त्याच संध्याकाळी लेखी कळवलं. इतर नऊ सेंटरांच्या चिठ्ठ्याही तपासाव्या लागल्या. त्याचं पुढे जे व्हायचं ते झालं, ते इथे महत्त्वाचं नाही.

रेश्माचा फोन त्याच दिवशी, बुधवारी आला, गुरुवारी आला. शुक्रवारी आला नाही. मंदाताईंनी लावला तर बंद. शनिवारी सकाळी सुनंदाने उचलला, म्हणाली, लाइट नव्हती, चार्जिंग नव्हतं. गोळीचं कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मंदाताई हे सगळं मला फोनवर कळवत होत्या. मी विचारलं नव्हतं. त्या एवढंच म्हणायच्या, "आज आला फोन," आणि ठेवून द्यायच्या.

मंगळवारी मी बार्शीला गेलो. काम नव्हतं. डॉक्टरांनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "बसा."

दहा चाळीसला रेश्मा आली. सोबत तिची सासू इंदुबाई. रेश्माचा चेहरा सहा दिवसांत उतरला होता. तिने मला ओळखलं, पण नमस्कार केला नाही. तिला आत घेतलं. दार लागलं. आत फक्त पेशंट, डॉक्टर आणि सिस्टर. इंदुबाई रिसेप्शनच्या काउंटरला टेकून माझ्या बाजूला उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

रिपोर्टचा कॉम्प्युटर माझ्या समोर होता. आत मशिनवर डॉक्टरांनी माप घेतलं की ते इथे पडद्यावर उमटायचं. नाव, वय, तारीख आधीच आलं होतं. बाकीचे रकाने कोरे.

"काय आलं का त्या डब्ब्यात?" इंदुबाईंनी विचारलं.

"अजून नाही."

दोन मिनिटांनी पहिला आकडा आला. गर्भाची लांबी, तेरा मिलिमीटर. त्या शनिवारी तीन होती, आज तेरा. त्यावरून काय समजायचं हे मला ठाऊक नव्हतं आणि मी समजून घेतलं नाही. त्याच्या खालचा रकाना हृदयाच्या ठोक्यांचा. त्यात दोनच गोष्टी येऊ शकतात. ठोके असतील तर मशिनवर मोजलेला आकडा. नसतील तर डॉक्टर यादीतून एक वाक्य निवडतात, ते. तेही वाक्य मीच लिहिलेलं.

रकाना कोरा होता. मंदाताई पेशंटची नावं पुकारायचं सोडून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. आत मशिनचा बारीक आवाज येत होता. बोलण्याचा येत नव्हता.

"एवढा येळ का लागतोय?" इंदुबाई म्हणाल्या. "आं? मागच्या टायमाला लगीच झालं हुतं."

दहा पंचावन्न झाले. मग छप्पन्न.

आकडा आला. एकशे अठ्ठेचाळीस.

मंदाताईंनी तोंडावर हात ठेवला आणि पाठ फिरवून फायलींच्या कपाटाकडे गेल्या.

"काय झालं? त्या का गेल्या?" इंदुबाईंनी माझ्या बाहीला धरलं. "साहेब, काय आलंय? मला वाचता येत न्हाई. सांगा की काय लिवलंय."

"मावशी, डॉक्टर सांगतील."

"म्हंजी वाईट हाय."

"डॉक्टर सांगतील. मी नाही सांगायचं."

त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मी पडद्याकडे बघत राहिलो. प्रिंटरमधून चिठ्ठी निघाली. मी हात लावला नाही. मंदाताईंनी ती उचलली आणि आत घेऊन गेल्या. दार नीट लागलं नाही, बोटभर फट राहिली.

डॉक्टरांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली. रेश्मा म्हणाली, "परत वाचा." डॉक्टरांनी परत वाचली, एकेक शब्द सुटा करून. मग रेश्माने विचारलं, "हे एवढंच हाय ना? आणखी काय नाही ना ह्याच्या मागं-पुढं?"

"एवढंच आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"मग सांगू आत्यांना?"

"सांगा."

दार उघडलं. रेश्माच्या हातात चिठ्ठी होती. इंदुबाई काउंटर सोडून दोन पावलं पुढे झाल्या आणि थांबल्या. बाकावरच्या बायकाही बोलायच्या थांबल्या होत्या. रेश्माने बोलायला तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बोल की गं," इंदुबाई म्हणाल्या.

"आत्या," ती म्हणाली, "हाय."